हजेरीपटावर न दिसणारी शुगर

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यातला कामगार आजारपणामुळे घरी राहिला, तर हजेरीपटावर त्याची रजा लागते. मधुमेहामुळे होणारे नुकसान मात्र बऱ्याचदा माणूस कामावर असतानाच होते, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही. रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे टाकू लागतात आणि तिच्याबरोबर पाणीही जाते. सारखी तहान, सारखी लघवी, रात्री दोन-तीनदा मोडणारी झोप. साखरेच्या चढउताराने डोळ्यातले भिंग फुगते आणि व्हर्नियरवरच्या बारीक रेघा पुसट होतात. रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडता येत नसेल तर हा माणूस पाणी पिणेच टाळतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो नुसता सुस्तावलेला वाटतो.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाच्या 2023 च्या अंदाजानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्याकडे तो ऐन कमावत्या वयात गाठतो. अंगाने सडपातळ असलेल्या भारतीयांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले. तेव्हा कष्ट करणाऱ्याला शुगर होत नाही, या समजुतीला आधार नाही.

यावर कुणी म्हणेल, मिसळ-पाव, दिवसाला सहा चहा आणि तंबाखू. मग दोष कामाचा कसा? पथ्याची जबाबदारी ज्याची त्याचीच, हे खरे. पण तेच जेवण रात्री घेतले तर रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते, कारण शरीराच्या घड्याळानुसार ती विश्रांतीची वेळ असते. आठवड्याला बदलणारी पाळी हे घड्याळ कधी स्थिरावूच देत नाही. गोळीचेही तसेच आहे. सातच्या पाळीसाठी सहाला घर सोडणारा कामगार साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतो आणि नाश्ता करतो नऊला. मधल्या वेळात साखर 70 च्या खाली आली की हात थरथरतात, घाम फुटतो, समोरचे नीट उमगत नाही. आणि त्याच वेळी तो प्रेस मशीनवर उभा असतो. नुसती मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्याला असे सहसा होत नाही. चूक माणसाची की वेळापत्रकाची, याचा निवाडा म्हणूनच इतका सोपा नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे उघडपणे बोलले तर मालक मधुमेही माणसाला कामावरच घेणार नाहीत. ही भीती खरी आहे आणि तिच्यापायी अनेकजण आजार लपवतात. पण खरा धोका लपवण्यातच आहे. शेजारच्याला माहीत नसेल तर ऐन वेळी साखर कोण देणार? तपासणीचा अहवाल डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहावा. काही विशिष्ट गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला काही जोखमीच्या कामांत सांभाळावे लागते. एरवी साखर आटोक्यात असलेला माणूस कुठलेही काम करू शकतो. छोट्या कारखान्यांना मधुमेही कामगारांसाठीच्या सोयींचा खर्च झेपणार नाही, हे तर मला मुळीच पटत नाही. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह 1948 च्या कारखाने अधिनियमातच होते. मशीनजवळ ग्लुकोजची पुडी आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याची मुभा याला फारसे पैसे लागत नाहीत. चालताना आकसणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताच साखर ओढून घेतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर झालेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या चाचणीत खास उपाय न केलेल्या गटातले 55 टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार आणि व्यायाम बदललेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर महिन्याचा शिफ्टचा तक्ताही न्या आणि कोणत्या पाळीत कोणती गोळी किती वाजता घ्यायची, ते त्या तक्त्यावरच लिहून आणा.