चाललं म्हणजे बरोबर असतंच असं नाही

पायथनमध्ये जे तयार मिळत नाही ते विंडोजकडून थेट करून घ्यायचं असेल, तर सीटाइप्स हे मॉड्यूल हाताशी असतं. 2006 साली आलेल्या पायथन 2.5 पासून ते भाषेबरोबरच मिळतं, वेगळं बसवावं लागत नाही. डीएलएलचं (तयार फंक्शनं ठेवलेल्या फाइलचं) नाव, फंक्शनचं नाव, कंसात दोन-तीन किमती, की झालं काम. पॉवरशेलमध्ये हेच ॲड-टाइप आणि डीएलएलइम्पोर्टने होतं. इतकं सोपं असल्यामुळेच गैरसमजही भरपूर.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज असा की, फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं हे डीएलएलला ठाऊकच असतं, आपलं चुकलं तर ते सांगेल. ते सांगत नाही. विंडोजच्या या डीएलएलमध्ये बाहेरच्यांसाठी फंक्शनचं नाव आणि पत्ता असतो. किमती किती, त्या 4 बाइटच्या की 8 च्या, हे सी भाषेच्या हेडर फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि पायथन ती फाइल वाचत नाही. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर परत येणारी किंमत सी भाषेतला 4 बाइटचा इंट आहे असं सीटाइप्स गृहीत धरतं. 64-बिट विंडोजवर पॉइंटर मात्र 8 बाइटचा. वरचे 4 बाइट गळून पडतात आणि एररही येत नाही.

ही चूक लपते कशी, तेही बघण्यासारखं आहे. क्रिएटफाइल वापरून फाइल उघडली तर मिळणारं हँडल हा बहुधा छोटासा आकडा असतो, 4 बाइटमध्ये सहज मावतो. कोड चालतो, सगळे खूश. तीच सवय घेऊन क्लिपबोर्डसाठी ग्लोबललॉक वापरलं की मेमरीचा खरा पत्ता परत येतो. तो 2 जीबीच्या आतला निघाला तर निभावतं, नाहीतर प्रोग्राम कोसळतो. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ या वाक्याला इथे काहीच किंमत नाही. रेसटाइप (परत येणाऱ्या किमतीचा प्रकार) आणि आर्गटाइप्स (दिलेल्या किमतींचे प्रकार) या दोन ओळी प्रत्येक फंक्शनला लिहायच्याच, आळस करायचा नाही.

“मजकुराचं काय, युनिकोड आहे ना!” हा दुसरा भरवसा, आणि तो आपल्या लिपीत लगेच उघडा पडतो. विंडोजमध्ये मजकूर घेणारी बरीच फंक्शनं जोडीने येतात: शेवटी ‘ए’ असलेलं जुन्या कोडपेजचं, ‘डब्ल्यू’ असलेलं युनिकोडचं. पायथनमधली ‘नमस्कार’ ही स्ट्रिंग मेसेजबॉक्सच्या ‘ए’ रूपाला दिली तर खिडकीत कंस, टिंब, आठचा आकडा, एम असलं काहीतरी उमटतं. कारण युनिकोड स्ट्रिंगमध्ये ‘न’ चे दोन बाइट, हेक्समध्ये, 28 आणि 09, ‘म’ चे 2ई आणि 09. ते सुटे वाचले की पहिल्याचा कंस होतो, दुसऱ्याचं टिंब, आणि प्रत्येक 09 चा टॅब. डीएलएलइम्पोर्टची तऱ्हा वेगळी. ॲड-टाइपला दिलेल्या सी शार्प कोडमध्ये कॅरेक्टरसेट सांगितला नाही तर तो आन्सी धरला जातो. देवनागरीसाठी विंडोजने आन्सी कोडपेज दिलेलंच नाही, त्यामुळे अक्षरागणिक प्रश्नचिन्ह. विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून प्रोग्रामला स्वतःपुरतं यूटीएफ-8 निवडता येतं खरं, पण सरळ ‘डब्ल्यू’ वापरावं हे बरं.

ट्राय-एक्सेप्ट लावलं की आपण सुरक्षित, असंही अनेकांना वाटतं. विंडोजवर सीटाइप्स काही वेळा ॲक्सेस व्हायोलेशन पकडून ओएसएरर देतं, म्हणून हा समज टिकून आहे. लिनक्सवर असं पकडणारं कुणी नसतं, अख्खी प्रोसेस मरते. आणि चुकीचा पत्ता योगायोगाने आपल्याच मेमरीतला निघाला, तर काहीच पकडलं जात नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी डेटाची नासाडी होते आणि ती तासाभराने भलतीकडे दिसते.

कचरा गोळा करणारा गार्बेज कलेक्टर मेमरी सांभाळेल, ही आशाही अर्धीच खरी. विंडोजने दिलेली मेमरी त्याच्या हिशेबात नसते, ती आपणच सोडायची. उलट बाजू जास्त वाईट. कीबोर्डवर हुक लावण्यासाठी दिलेला कॉलबॅक पायथनमध्ये कुठल्याही चलात धरून ठेवला नाही, तर कलेक्टर तो निमूट उचलून नेतो. पुढची कळ दाबली की विंडोज तोच पत्ता हाक मारायला वापरतं, जिथे आता कुणी नाही.

विंडोजची फंक्शनं अशी थेट वापरून ॲडमिनचे अधिकार मिळतात, हे निव्वळ खोटं. फंक्शन तुमच्याच प्रोसेसमध्ये, तुमच्याच अधिकारांत चालतं.

आणि वेग? सीटाइप्समधून जाणारी प्रत्येक हाक किमतींचं रूपांतर करत जाते. लूपमध्ये लाखो वेळा एखादं चिमुकलं फंक्शन बोलावलं तर साधा पायथनही पुढे निघू शकतो. फायली, प्रोसेस, वेळ यांची नेहमीची कामं तर ओएस आणि टाइम या मॉड्यूल्समध्ये सी भाषेतच लिहून ठेवलेली आहेत. आधी तिथे शोधावं.