नऊ मिनिटांत चौदाशे वर्षं!

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ‘ऑड्री’ नावाचं यंत्र उभं राहिलं. पुरुषभर उंच, चांगलं सहा फुटी. आणि त्याला कळायचं काय? शून्य ते नऊ. दहा आकडे, बस्स! तेही ओळखीच्या आवाजात, एकेक आकडा सुटा सुटा म्हटला तर. दहा वर्षांनी आयबीएमच्या ‘शूबॉक्स’ने सोळा शब्दांपर्यंत मजल मारली. १९७६मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘हार्पी’ १,०११ शब्दांवर पोहोचली. चोवीस वर्षांची कमाई: हजार शब्द.

आता खिशातला फोन काढा आणि त्याला विचारा, “उद्या पाऊस पडेल का?” दोन सेकंद लागले. तेवढ्यात तुमच्या आवाजाची ३२ हजार मापं घेतली गेली! बोलणं ओळखणारी यंत्रं सहसा सेकंदाला १६ हजार वेळा आवाज मोजतात. मिनिटभर बोललात तर ९ लाख ६० हजार मापं. तासभर गप्पा मारल्यात तर पावणेसहा कोटी! हा एक तास नीट लक्षात ठेवा, कारण आता आपल्याला असे तास मोजायचे आहेत.

सप्टेंबर २०२२मध्ये ओपनएआयने ‘व्हिस्पर’ बाहेर आणलं. ऐकलेलं लिहून काढणारी ही प्रणाली किती तासांच्या बोलण्यावर घडवली होती? ६ लाख ८० हजार तासांच्या! समजा, हे सगळं आपण डेक्कन क्वीनमध्ये बसून ऐकायचं ठरवलं. सकाळी पुण्याहून मुंबई, संध्याकाळी परत. एका बाजूला सव्वातीन तास, कानांत सतत तेच. रोज जायचं, रविवारची सुटी नाही, दिवाळीचीही नाही. किती वर्षं लागतील? २८६! म्हणजे २०२२मध्ये ऐकणं संपवायचं, तर १७३६ साली गाडीत चढायला हवं होतं. थोरले बाजीराव तेव्हा हयात होते आणि शनिवारवाड्याची वास्तुशांत होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती.

आता त्या तासांतली मापं मोजू. प्रत्येक मापाला फक्त एक रुपया ठेवा. बेरीज येते ३९ लाख कोटी रुपये! आणि २०२२-२३ या वर्षासाठी भारत सरकारचा अख्खा अर्थसंकल्प होता ३९.४५ लाख कोटींचा. रेल्वे, रस्ते, फौजफाटा, पगार, पेन्शनी, कर्जावरचं व्याज, सगळं सगळं धरून! एवढ्या मोठ्या देशाचा वर्षाचा खर्च आणि एका यंत्राच्या कानावर पडलेली मापं, दोन्ही जवळपास एकाच पारड्यात.

थांबू नका, पुढचा आकडा याहून मोठा आहे. २०२३मध्ये गूगलने आपल्या ‘युनिव्हर्सल स्पीच मॉडेल’चा हिशेब मांडला: ३००हून अधिक भाषा आणि १ कोटी २० लाख तास! बहुतेक भाग नुसता ऐकलेला, सोबत लेखी मजकूर नसलेला. इथे डेक्कन क्वीन पुरणारच नाही. अन्नपाणी, झोप सगळं सोडून, रात्रंदिवस ऐकत राहिलं तरी १,३७० वर्षं! २०२३मधून तेवढं मागे गेलं की आपण सातव्या शतकाच्या मध्यावर पोहोचतो. वेरूळच्या कैलास लेण्यावर पहिली छिन्नी पडायला तेव्हा अजून शंभर वर्षं होती.

आणि उत्तराची चपळाई पाहा. माणसं बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात. ओपनएआयच्या आधीच्या जीपीटी-४ला आवाजी उत्तर द्यायला सरासरी ५.४ सेकंद लागायचे. मे २०२४मध्ये आलेल्या जीपीटी-४ओची सरासरी ३२० मिलिसेकंद. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एवढ्या वेळात ६४ हजार किलोमीटर! मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. त्यावर १६६ वेळा जाऊन परत यायचं, आणि तेवढ्यात तुमचं उत्तर तयार!

मग मराठीच्या वाट्याला काय आलं? व्हिस्परमध्ये चिनी बोलणं चिनीतच लिहायला शिकवणारा साठा २३ हजार तासांच्या वर होता. हिंदीचा १२ तास. मराठीचा एक तासही भरला नव्हता. एक तास! हा आकडा मला बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त हादरवतो. उद्याचा आवाजी मदतनीस शेतकऱ्याला फवारणी सांगणार, आजोबांना औषधाची वेळ सांगणार, बँकेचा अर्ज भरून देणार. त्याला अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी कळायला हवी की नको? त्यासाठी आवाज हवेत, ढीगभर आवाज.

ते गोळा करणं सुरू झालं आहे. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ गटाने २२ भारतीय भाषांतलं ७,३४८ तासांचं बोलणं जमवून २०२४मध्ये खुलं केलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या सोबतीने हाती घेतलेल्या ‘वाणी’ प्रकल्पाचं उद्दिष्ट तर ७७३ जिल्हे, दहा लाख माणसं आणि सुमारे दीड लाख तास! भागाकार करून पाहा. माणशी येतात फक्त नऊ मिनिटं.

या नऊ मिनिटांची ताकद बघा. मुंबईच्या लोकलमधले दिवसाचे प्रवासी ७० लाख धरा. प्रत्येक जण आपापल्या भाषेत नऊ मिनिटं बोलला, तर एका दिवसात साडेदहा लाख तास. अख्खं व्हिस्पर मागे पडलं!

आता फक्त मराठी घ्या. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. तान्ही बाळंही त्यात आली; त्यांच्या वाटचं आजी बोलेल. प्रत्येकी अर्धं मिनिट, म्हणजे गल्लीत भेटून ख्यालीखुशाली विचारण्याइतका वेळ. जमतात ६ लाख ९१ हजार तास. पुन्हा एकदा अख्खं व्हिस्पर, आणि या वेळी सगळंच्या सगळं मराठीत!

आणि प्रत्येकी नऊ मिनिटं? १ कोटी २४ लाख तास. गूगलच्या त्या ३०० भाषांच्या साठ्यापेक्षाही चार लाख तास जास्त! अहोरात्र ऐकायला बसलं तर १,४२० वर्षं पुरेल एवढं बोलणं. आणि चांद्यापासून बांद्यापर्यंत सगळे एकदम बोलायला लागले, तर ते जमायला लागतात बरोब्बर नऊ मिनिटं!