संगणकातल्या मृत नोंदी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शहापूर-मुरबाडच्या गावांतल्या शाळांना, वाचनालयांना दरवेळी नवा संगणक घेणे परवडणारे नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स बसवणे हा त्यांच्यासाठी चांगला मार्ग आहे. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेली, डेबियनवर आधारलेली बॉस ही प्रणालीही त्यासाठी उपलब्ध आहे. पण बसवलेले लिनक्स वर्षानुवर्षे नीट चालावे, तर त्यातल्या पॅकेजच्या, म्हणजे बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या, नोंदींकडे लक्ष द्यावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते.

डेबियन घराण्यात प्रत्येक पॅकेजची नोंद एका यादीत असते. एखादे सॉफ्टवेअर साध्या ‘रिमूव्ह’ आज्ञेने काढले, तर प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे उरतात. यादीत त्याच्यापुढे ‘आरसी’ अशी खूण दिसते: काढले आहे, सेटिंग शिल्लक आहे. सातबाऱ्यावर मयत खातेदाराचे नाव राहावे तसेच हे. ती नावे हटवून वारसांची लावण्यासाठी महसूल विभागाला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम घ्यावी लागली. तिथेही चौकशी आधी आणि फेरफार नंतर, हाच क्रम आहे. इथेही तो मोडू नये.

यावर कोणी म्हणेल, या फाइली बहुधा काही किलोबाइटच्या, मग खटाटोप कशाला? जागेपुरते बोलायचे तर हे बरोबर आहे. जागा खातात ते जुने कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि डाउनलोड होऊन साठलेली पॅकेजेस. ‘बूट’चे वेगळे विभाजन लहान असेल आणि जुन्या कर्नलनी ते भरले, तर नवे अपडेट अर्ध्यावर अडकते. मृत नोंदी साफ करण्याचे कारण वेगळे आहे. बिघाड झाल्यावर दुरुस्त करणारा आधी यादी वाचतो. तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवले, तर जुने, कदाचित चुकीचे सेटिंग त्याला चिकटते आणि दोष कुठे आहे ते कळत नाही. टोकावडे किंवा डोळखांबसारख्या गावात जाणकार माणूस हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. तिथे तर खरी यादी अधिकच मोलाची.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: साफ करता करता चालू यंत्र बंद पडले तर? ही भीती अनाठायी नाही. ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा फक्त आपोआप आलेली, आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस काढते. पण डेस्कटॉपचा एखादा भाग काढताना त्याचे मुख्य पॅकेज गेले असेल, तर उरलेला डेस्कटॉपही तिला निरुपयोगी वाटू शकतो. मृत नोंदी साफ करणारी ‘पर्ज’ ही आज्ञा सेटिंगही पुसते, आणि काही डेटाबेसच्या बाबतीत साठवलेली माहितीसुद्धा जाऊ शकते. विद्यार्थ्यांच्या होम फोल्डरमधल्या फाइलींना मात्र ती हात लावत नाही. म्हणून आज्ञा दिल्यावर पडद्यावर येणारी यादी पूर्ण वाचावी, एकही नाव अनोळखी वाटले तर ‘नाही’ म्हणावे आणि विचारून मगच पुढे जावे.

हे काम वीज मध्येच गेल्यास अर्धवट राहते. तेव्हा उन्हाळी सुट्टीत, महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन आणि यूपीएस लावूनच ते हाती घ्या.