नौकाविहार आणि जीवरक्षक जॅकेटची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

समुद्रकिनारा, धरणांचे जलाशय आणि तलाव यांमुळे नौकाविहार हा महाराष्ट्रातील शैक्षणिक सहलींचा नित्याचा भाग झाला आहे. घारापुरीची लेणी किंवा मुरूडचा जंजिरा पाहावयाचा तर नौकेशिवाय गत्यंतर नाही. हा प्रवास अल्प अंतराचा असला तरी त्यातील धोका अल्प नसतो. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदरा येथील हरणी तलावात शालेय सहलीची नौका उलटून 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी 21 मे रोजी उजनी जलाशयात प्रवासी नौका उलटून 6 जणांना प्राण गमवावे लागले. तर 18 डिसेंबर रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी नौकेला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून मोठी जीवितहानी झाली.

अशा दुर्घटनांनंतर नौकेवर जीवरक्षक जॅकेट होती की नव्हती, एवढ्यापुरतीच चर्चा बहुधा मर्यादित राहते. ती कोणत्या प्रकारची होती, कोणाच्या मापाची होती आणि कोणत्या पाण्यासाठी होती, हे प्रश्न मात्र मागे पडतात. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार केला आहे.

उत्प्लावनाचे तत्त्व

मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या जवळपास असते. त्यामुळे छातीत हवा भरलेला मनुष्य कसाबसा तरंगतो. परंतु नाक व तोंड सातत्याने पाण्याबाहेर राहतीलच असे नाही. डोके पाण्याबाहेर आले की त्याचा भार पाणी पेलत नाही, तो अन्य मार्गाने पेलावा लागतो. बहुसंख्य प्रौढ व्यक्तींना यासाठी सुमारे 3 ते 5.5 किलोग्रॅम इतका अतिरिक्त उचल देणारा आधार पुरेसा ठरतो. ही गरज केवळ वजनावर अवलंबून नसते. मेदाचे प्रमाण अधिक असलेली व्यक्ती तुलनेने सहज तरंगते, तर पिळदार शरीराची व्यक्ती लवकर बुडते. गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के कमी असल्याने धरणाच्या जलाशयात हा आधार किंचित कमी मिळतो.

जॅकेटचे उत्प्लावक बल न्यूटन या एककात मोजतात. 10 न्यूटन म्हणजे स्थूलमानाने 1 किलोग्रॅम वजनाची उचल होय. मात्र बल किती, याइतकेच ते कोठे विभागले आहे, यालाही महत्त्व आहे. छातीवर व मानेमागे अधिक फोम असल्यास पालथी पडलेली व्यक्ती उताणी होऊन तिचे तोंड पाण्याबाहेर राहण्यास साहाय्य होते. पुढे-मागे सारखाच फोम असलेले जॅकेट तरंगवते. परंतु बेशुद्ध व्यक्तीस उताणे करील याची खात्री देत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये 1854 च्या सुमारास जीवरक्षक नौकांवरील खलाशांसाठी बुचाचे जॅकेट तयार करण्यात आले. 1861 मध्ये व्हिटबी येथे बचावकार्यास गेलेली नौका उलटून 13 पैकी 12 जण मृत्यू पावले. वाचलेल्या एकमेव खलाशाने हे नवे जॅकेट परिधान केलेले होते. याच्या नेमका उलट धडा 15 जून 1904 रोजी न्यूयॉर्कमध्ये मिळाला. सहलीस निघालेल्या ‘जनरल स्लोकम’ या नौकेस आग लागून एक हजाराहून अधिक लोक, त्यांत प्रामुख्याने स्त्रिया व मुले, मृत्युमुखी पडले. नौकेवर जॅकेट होती; परंतु वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्यांतील बुचाचा भुगा झाला होता. जॅकेटचे अस्तित्व म्हणजे संरक्षण नव्हे, हे या घटनेने सिद्ध केले.

प्रकार

2006 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘आयएसओ 12402’ या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेत चार मुख्य पातळ्या मानल्या आहेत. हे आकडे प्रौढांच्या मोठ्या मापासाठी असून लहान मापांना त्या प्रमाणात कमी बल पुरते.

1. 50 न्यूटन : पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या व्यक्तीसाठी. हालचाल सुलभ राहते. परंतु बेशुद्ध व्यक्तीस उताणे करण्याची अपेक्षा यात नाही.
2. 100 न्यूटन : आडोशाच्या, शांत पाण्यासाठी. पोहता न येणाऱ्यांसाठी किमान ही पातळी विचारात घ्यावी.
3. 150 न्यूटन : खुल्या समुद्रासाठी व खवळलेल्या पाण्यासाठी.
4. 275 न्यूटन : अतिकठीण परिस्थितीत, जड पोशाख व अवजारे अंगावर असणाऱ्यांसाठी.

अमेरिकेत दीर्घकाळ पाच प्रकारांची वेगळी वर्गवारी रूढ होती. 2014 च्या नियमाने नव्या लेबलांवर प्रकार-क्रमांक छापण्याची अट काढून टाकण्यात आली. जुन्या जॅकेटांवर ते क्रमांक असू शकतात. त्या क्रमांकांचा क्रम न्यूटनच्या क्रमाहून उलटा आहे. पहिला प्रकार खुल्या समुद्रासाठी, तर तिसरा शांत पाण्यासाठी असे. चौथा प्रकार फेकावयाच्या कड्याचा होता. असे कडे अंगावरील जॅकेटला पूरक असते, पर्याय नव्हे.

निवडीचे निकष

पहिला निकष पाण्याचा. शांत तलावातील कयाकसाठी 50 न्यूटनचे जॅकेट पोहणाऱ्यास सोयीचे ठरते. तेच खुल्या समुद्रात अपुरे पडते. कोलाडच्या कुंडलिका नदीवरील राफ्टिंगसारख्या प्रकारात फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने त्याची घनता घटते व उचल कमी मिळते. म्हणून तेथे अधिक बलाचे, अंगाशी घट्ट बसणारे खास जॅकेट आवश्यक असते.

दुसरा निकष व्यक्तीचा. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 15 किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या व्यक्तीस शिशू, 15 ते 43 किलोग्रॅमच्या व्यक्तीस बालक आणि त्यापुढील व्यक्तीस प्रौढ मापाचे जॅकेट असते. प्रथम वर्षाच्या सडपातळ विद्यार्थिनींचे वजन या सीमारेषेच्या आसपास असू शकते. ढिले जॅकेट पाण्यात वर सरकते आणि परिधान करणारी व्यक्ती खाली राहते. बालकांच्या जॅकेटला दोन्ही मांड्यांमधून घेतला जाणारा पट्टा असावा तो यासाठीच.

तिसरा निकष उपयोगाचा. वायूच्या नळकांडीने फुगणारी जॅकेट हलकी व सुटसुटीत असतात; परंतु त्यांची नियमित तपासणी करावी लागते. पोहता न येणाऱ्यांसाठी, मुलांसाठी व वेगवान जलस्कूटरसाठी ती योग्य नव्हेत. समूहाच्या सहलीसाठी फोमचे जॅकेटच अधिक भरवशाचे. छत असलेल्या नौकेत मात्र एक मर्यादा ध्यानात घ्यावी. नौका बुडताना जॅकेट व्यक्तीस छताकडे दाबू शकते. म्हणून बाहेर पडण्याची वाट प्रत्येकास आधीच ठाऊक असली पाहिजे.

यावरून सर्वाधिक न्यूटनचे जॅकेट सर्वोत्तम, हा समज टिकत नाही. अवजड व अडचणीचे जॅकेट लोक काढून ठेवतात. अमेरिकी तटरक्षक दलाच्या 2023 च्या अहवालानुसार मनोरंजनात्मक नौकाविहारात 564 मृत्यू झाले. मृत्यूचे कारण ज्ञात असलेल्या प्रकरणांत 75 टक्के व्यक्ती बुडून मरण पावल्या आणि त्यांपैकी 87 टक्के व्यक्तींनी जॅकेट परिधान केलेले नव्हते.

शैक्षणिक सहलींच्या संदर्भात

सहलीच्या नियोजनात प्राध्यापकांना पुढील गोष्टी सहज करता येतील. विद्यार्थ्यांच्या वजनाची व पोहता येण्याची नोंद आधी घेऊन नौकाचालकास मापांनुसार मागणी कळवावी. धक्क्यावर प्रत्येक जॅकेटचे लेबल, शिवण, पट्टे व बक्कल तपासावे. फोम दबून कडक झाला असल्यास किंवा कापड विटून विरले असल्यास ते जॅकेट बाजूला ठेवावे. नौकेत चढण्यापूर्वीच ते परिधान करून पट्टे आवळावेत. हात वर करावयास सांगून खांद्यांपाशी जॅकेट वर ओढून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर माप चुकले असे समजावे. पुरेशी योग्य जॅकेट नसतील तर तितक्याच विद्यार्थ्यांची फेरी करावी अथवा नौकाविहार रद्द करावा.

समारोप

योग्य जॅकेट म्हणजे पाणी, व्यक्ती आणि उपयोग या तिन्हींचा मेळ होय. यांतील एकही घटक दुर्लक्षिला गेला तर उत्तम दर्जाचे जॅकेटही निरुपयोगी ठरू शकते. नौका उलटल्यावर जॅकेट शोधून, माप पाहून ते चढविण्यास अवधी मिळत नाही. म्हणून निवडीचा निर्णय धक्क्यावरच व्हावयास हवा. आणि सहलीत तो घेण्याची जबाबदारी केवळ नौकाचालकाची नसून सोबत असलेल्या शिक्षकांचीही आहे.