शरद म्हणजे पानगळ नव्हे!

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की शहरांतील मोठ्या दुकानांच्या दर्शनी भागात तांबूस-केशरी रंगांची लाट येते. मेपलची कागदी पाने, कापडी भोपळे, दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या आणि सोफ्यावर टाकायच्या लोकरी शाली. ऋतूनुसार घर सजवा, असा त्यामागचा सल्ला असतो. सल्ला चुकीचा नाही. ऋतू मात्र आपला नाही. इंग्रजीतील 'ऑटम'ला आपण 'शरद' हा प्रतिशब्द दिला आणि शब्दाबरोबर तिकडचे चित्रही उसने घेतले. वास्तविक आपल्याकडची झाडे पाने गाळतात ती शिशिरात. पळस, साग निष्पर्ण होतात तेव्हा दिवाळी होऊन दोन-तीन महिने लोटलेले असतात. आश्विन-कार्तिकातला शरद हा पीक पिकण्याचा, ओल सुकण्याचा आणि पावसाने विस्कटलेले घर पुन्हा लावण्याचा काळ. शिवाय त्याचा पूर्वार्ध 'ऑक्टोबर हीट'चा. लोकरी शाल पाहूनच घाम फुटावा, असा.

मग या ऋतूत घर सजवायचे तर प्रेरणा घ्यायची कुठून? मराठवाड्यातील एखाद्या गावाकडे पाहिले तर उत्तर सापडते. उदाहरणादाखल जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ घेऊ. १६०८ साली रामनवमीच्या दिवशी समर्थ रामदासांचा जन्म झाला, ते हे गाव. बोहल्यावरून पळून गेलेल्या संन्याशाच्या गावी घर सजवण्याचे धडे शोधावेत, यात थोडी गंमत आहे खरी. पण चोवीस वर्षांनी ते आईच्या भेटीसाठी याच घरी परतले, असेही परंपरा सांगते.

आधी डागडुजी, मग सजावट

जांबचा परिसर गोदावरीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीचा. कापूस, सोयाबीन, तूर, ऊस आणि मोसंबीच्या बागा. या भागातील जुनी घरे धाब्याची, म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर किलचन, त्यावर पाला आणि सर्वांत वर मातीचा थर. चार महिने पाऊस झेलल्यावर या मातीला भेगा पडतात, भिंतींचे पोपडे निघतात, जोत्यापाशी ओल चढते. पाऊस ओसरला की घराकडे पहिले लक्ष जाते ते या जखमांकडे. म्हणून नवरात्राच्या तोंडावर चालणारी सारवासारव ही मुळात सजावट नव्हे, दुरुस्ती आहे. तिलाच पुढे सौंदर्य आले.

या दुरुस्तीमागचे शास्त्र लक्षात घेण्यासारखे आहे. शेतातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हातभर भेगाळते. भिंतीला ती चालत नाही. भिंतीसाठी आणि माळवदासाठी गावठाणातली, जुन्या वस्तीची पांढरी माती आणली जाते, कारण ती तितकी फुगत नाही आणि तितकी आकसतही नाही. सारवणाच्या मातीत शेण मिसळतात ते केवळ पावित्र्यासाठी नव्हे. शेणातले न पचलेल्या गवताचे बारीक तंतू मातीला बांधून ठेवतात, त्यामुळे वाळताना तडे जात नाहीत. जमीन सारवताना हाताच्या फिरण्याने उमटणारी अर्धवर्तुळे, भिंतीवर पांढऱ्या मातीचा पोतारा आणि खाली गेरूचा पट्टा एवढ्यावर घर उजळते. या रंगसंगतीसाठी कोणा सल्लागाराची गरज पडत नाही. पांढरा रंग कार्तिकातल्या तिरप्या उन्हाचा उजेड आत फेकतो आणि गेरूचा पट्टा पावसात उडालेल्या चिखलाचे डाग झाकतो.

जुन्या घरांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. गळती थांबावी म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा नवा थर चढवण्याची रीत होती. जुना थर सहसा काढला जात नसे. वर्षानुवर्षे छत जाड आणि जड होत गेले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, लातूर-उस्मानाबाद परिसरात भूकंप झाला तेव्हा सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यांतील अनेकांचा जीव घेतला तो दगडमातीच्या भिंतींनी आणि या जड छतांनीच. त्यानंतर मराठवाड्यात सिमेंट आणि पत्र्याची घरे वाढली, यात नवल ते काय? तेव्हा माळवद परत आणा, असे कोणी म्हणू नये. घ्यायचा तो क्रम, म्हणजे आधी ओल, मग भेग आणि शेवटी रंग.

रंगाऱ्याला थोडे थांबवा

शहरातील सदनिकेत हा क्रम हमखास उलटा होतो. दिवाळी जवळ आली की रंगारी बोलावला जातो आणि चार महिन्यांची ओल पोटात ठेवलेल्या भिंतीवर चकचकीत रंग चढतो. प्रस्तुत प्रतिनिधीने एका वर्षी गणपती उठताच असाच घाईघाईने हात मारून घेतला होता. संक्रांत येईपर्यंत पश्चिमेकडील भिंतीवरून तळहाताएवढे पापुद्रे सुटले. दोष रंगाचा नव्हता. तैलरंगाचा किंवा प्लॅस्टिक रंगाचा थर भिंतीची छिद्रे बुजवतो. आतले पाणी बाहेर पडायला धडपडते आणि तो थरच उचकटून टाकते.

मराठवाड्यातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. त्यानंतरचे कोरडे, कडक ऊन भिंती वाळवण्यासाठीच आहे, असे समजावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, भिंतीला टेकलेली कपाटे वीतभर पुढे ओढावीत. भिंत वाळली की नाही, हे पाहण्याची साधी युक्ती अशी : हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला बाष्प जमले, तर रंगाऱ्याला आणखी काही दिवस थांबवलेले बरे. गच्चीवरून किंवा नळातून पाणी मुरत असेल तर आधी ते बंद करायला हवे, हे वेगळे सांगायला नको.

जुन्या बैठ्या घरांसाठी चुन्याची सफेदी आजही उत्तम. विरी गेलेला चुना भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, पण भिंतीचा श्वास कोंडत नाही. तो क्षारधर्मी असल्याने बुरशीलाही सहजासहजी थारा देत नाही. मात्र आधी तैलरंग असलेल्या भिंतीवर तो धरत नाही. तिथे जुना रंग खरवडण्यावाचून इलाज नाही.

देव उजळणे

नवरात्राआधी आणि पुन्हा दिवाळीआधी घरोघर देव उजळतात. देवघरातील मूर्ती, समया, तांब्याचे कलश, पितळी डबे चिंचेच्या कोळाने घासले जातात. पावसाळी दमट हवेत तांब्या-पितळेवर काळपट थर चढतो, चिंचेतले आम्ल तो विरघळवते. मग लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचे, नाहीतर हिरवट डाग पडतात. बाहेरून कोणतीही वस्तू न आणता घरात उजेड वाढवण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग आमच्या माहितीत नाही. उजळलेली समई किंवा पितळी पातेले बैठकीच्या कोपऱ्यात ठेवले, तर दिव्याचा प्रकाश त्यावरून परततो आणि खोली आपोआप उबदार दिसते.

जांब समर्थने मात्र एका वर्षी हा सोहळा रित्या देव्हाऱ्यापुढे काढला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावातील राम मंदिरातून प्राचीन मूर्ती चोरीला गेल्या. नवरात्र गेले, दसरा गेला, दिवाळीही आली. मूर्ती हाती लागल्याचे वृत्त ऑक्टोबर सरताना आले. घराची शोभा म्हणजे नेमके काय, हे त्या वर्षी या गावाला कोणत्याही पुरवणीतून वाचावे लागले नसेल.

शेत घरात येते

शरदातील सजावटीचे बहुतेक साहित्य शेतातून थेट उंबरठ्यावर येते. घटस्थापनेला परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात गहू, ज्वारी, जव असे धान्य पेरतात. नऊ दिवसांत वीतभर पिवळसर-हिरवे अंकुर उभे राहतात. याच सुमारास रब्बी ज्वारीच्या पेरणीची वेळ असते. कोणते धान्य जोमाने उगवले यावरून हंगामाचा अंदाज बांधतात. एका परीने ही घरातल्या बियाण्याची उगवणचाचणीच. दसऱ्याला हे अंकुर टोपीत, फेट्यात खोवले जातात. सदनिकेच्या खिडकीत, उथळ मातीच्या ताटलीत असे धान्य कोणत्याही आठवड्यात उगवता येते. विकतच्या शोभेच्या रोपापेक्षा ते कितीतरी ताजे दिसते आणि मुलांना रोज पाहायला काहीतरी मिळते.

घटावर रोज एक माळ चढते. तरवडाची पिवळीधमक फुले बांधावर, माळरानावर फुकट मिळतात. कारळ्याची फुलेही याच दिवसांतली. झेंडू मात्र लावावा लागतो. शेतकरी जुलै-ऑगस्टमध्ये त्याची लागण करतो ती दसरा-दिवाळीचा हिशेब मांडूनच. गंमत अशी, की ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकानंतर दर्यावर्दी युरोपीयांबरोबर तो इकडे आला. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पितरांच्या स्मरणासाठी घरे आणि थडगी याच केशरी फुलांनी सजवतात. फूल तेच आणि ऋतूही जवळपास तोच.

या केशरी रंगामागे शेतकऱ्याची जोखीम असते. सणाच्या सकाळी चढलेला भाव दुपारनंतर कोसळतो आणि संध्याकाळी न विकलेल्या फुलांचे ढीग बाजाराच्या कडेला पडून राहतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदावरीला पूर आला, सोयाबीन आणि कापूस पाण्याखाली गेला. अशा वर्षी फूलशेतीही सुटत नाही. बाजारात प्लॅस्टिकचा झेंडू बारमाही मिळतो, धुऊन पुन्हा वापरता येतो, हे खरे. पण ताज्या फुलाचे पैसे निदान शेतापर्यंत जातात. ते दोन दिवस आधी, घासाघीस न करता घेतले तर उत्तमच. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवले की फूल टिकते. तोरणात आंब्याच्या पानांबरोबर बाजरीचे एखादे कणीस गुंफावे. फुले सुकल्यावरही कणीस शोभते आणि चिमण्या आल्या तर त्यांची सोय होते.

आपट्याबद्दल मात्र हात आखडता घ्यायला हवा. दसऱ्याला फांद्याच्या फांद्या तोडून शहरात येतात. त्यांत आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानेही खपतात. दोघांची पाने जोडपानासारखीच, पण आपट्याचे लहान, जाडसर आणि रुंदीला जास्त असते. सोने म्हणून एकेकाला एकच पान दिले तरी सण होतो. भिंतभर लटकवलेल्या फांद्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यातच जातात.

दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी आणि पाडव्याला पांडव घालतात. त्यांच्या डोक्यात झेंडू, कुर्डूची फुले खोवलेली असतात. अंगण नसलेल्यांनी हा हट्ट धरू नये. पण लक्ष्मीपूजनाला पूजेत मांडली जाणारी शिंदीच्या पानांची केरसुणी शहरातही मिळते. तिची घट्ट वीण आणि फिकट सोनेरी रंग न्याहाळला, तर पूजा झाल्यावर ती दाराआड लपवाविशी वाटणार नाही. कापसाची पहिली वेचणी याच सुमारास होते. पणतीतली वात ही त्याच शेताची.

वाकळीचे ऊन

आणि ऊब? ती येते कार्तिक उतरता उतरता. दिवसा ऊन चटकत असले तरी रात्री पारा झपाट्याने खाली येतो. त्याआधी घरोघरी एक काम चालते, ते म्हणजे वाकळींना ऊन दाखवणे. पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात ती मराठवाड्यातली वाकळ. जुनी लुगडी, धोतरे, पोरांचे आखूड झालेले कपडे थरावर थर मांडून, काठाकडून मध्याकडे धावदोऱ्याने शिवत आणलेली. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे घरातल्या म्हाताऱ्या बोट ठेवून सांगतात. रंगांची अशी मांडणी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही आणि दिवाणावर, खुर्चीच्या पाठीवर नुसती टाकली तरी खोलीचे रूप पालटते.

माळ्यावर चार महिने पडलेल्या वाकळीला कुबट वास लागतो, कधी कसर लागते. ती थेट धुवायला टाकू नये. जुना कापूस आणि जीर्ण कापड पाणी धरते आणि वजनाने फाटते. आधी झटकून दोन दिवस कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी वाळवावी. खाली चटई असावी, दोरीवर टांगल्यास टाके ताणले जातात. उसवलेला काठ तेव्हाच शिवून घ्यावा. घडी घालताना आत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. आणि एक काळजी घ्यावी : या दिवसांत दव लवकर पडते, तेव्हा वाकळ दुपारी चारच्या आत गच्चीवरून उचलून, उन्हाची धग तिच्यात असतानाच घरात आणावी.