इंग्रजी सहायक क्रियापदांची जोडणी आणि वऱ्हाडी बोली : रोहिणखेडच्या निमित्ताने

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव खानदेश आणि वऱ्हाड यांच्या सीमेलगत, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याजवळ वसलेले आहे. इ. स. १४३७ मध्ये बहामनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नासीरखान फारुकीचा पराभव केला, तो याच ठिकाणी. ज्या वाटेने सैन्ये गेली, त्याच वाटेने भाषाही गेल्या. ‘मला’ याऐवजी ‘मले’ आणि ‘तुला’ याऐवजी ‘तुले’ ही रूपे वऱ्हाडीत आहेत. आणि चतुर्थीचा हाच ‘ले’ प्रत्यय शेजारच्या अहिराणीतही आढळतो. महाराष्ट्रात इ. स. २००० पासून इंग्रजीचे अध्ययन पहिल्या इयत्तेपासून सुरू झाले. तेव्हापासून अशा गावातील मूल घरची वऱ्हाडी, पुस्तकातील प्रमाण मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांना जवळजवळ एकाच वेळी सामोरे जाते. या तिन्हींची गाठ जेथे सर्वांत अवघड बसते, ते स्थळ म्हणजे शक्यता, कर्तव्य व परवानगी दाखविणारी सहायक क्रियापदे होत.

इंग्रजीत ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’, ‘माइट’, ‘शॅल’, ‘शुड’, ‘विल’, ‘वुड’ आणि ‘मस्ट’ हा या शब्दांचा मुख्य वर्ग आहे. ‘ही गोज’ यात कर्त्यानुसार क्रियापदास प्रत्यय लागतो. परंतु ‘ही कॅन गो’ यात तो ‘कॅन’लाही लागत नाही आणि ‘गो’लाही लागत नाही. या शब्दांपुढे येणारे क्रियापद नेहमी मूळ रूपातच असते व त्यामागे ‘टु’ येत नाही. प्रमाण इंग्रजीत असे दोन शब्द एकापुढे एक ठेवता येत नाहीत. मात्र स्कॉटलंडच्या काही बोलींत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘माइट कुड’ अशी जोडी ऐकू येते.

या विचित्र वागणुकीचे कारण इतिहासात आहे. हे शब्द पूर्वी पूर्ण क्रियापदे होते. ‘कॅन’चा मूळ अर्थ जाणणे, ‘मे’चा सामर्थ्य असणे आणि ‘शॅल’चा देणे लागणे असा होता. ‘टु’ हे तर मुळात शब्दयोगी अव्ययच होय. जुन्या इंग्रजीत ते क्रियावाचक नामाच्या चतुर्थीसदृश रूपामागे येई व हेतू दाखवी. पुढे ते बहुतेक क्रियापदांच्या मागे रूढ झाले. पण ‘कॅन’, ‘मस्ट’ यांसारख्या जुन्या शब्दांनी आपली पूर्वीची रीत सोडली नाही. ‘ऑट’ हा शब्द अर्थाने त्यांचा सोबती असूनही ‘टु’ घेतो, आणि ‘हॅव टु’चीही तीच रीत आहे.

मराठी वाचकास ही घटना परकी वाटण्याचे कारण नाही. ‘करायला’ हे रूप क्रियावाचक नामाला ‘ला’ लागून झाले आहे. म्हणजे ‘टु डू’ आणि ‘करायला’ यांची घडण एकाच विचाराची आहे. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप असून आज त्याला पूर्ण क्रियापदाप्रमाणे चालविता येत नाही. ‘नये’ यात ‘न’ आणि ‘ये’ एकत्र गोठले आहेत. मराठी व्याकरणकार अशा शब्दांना गौण क्रियापदे म्हणतात. अर्थाने झिजलेली व रूपांनी उणी झालेली क्रियापदे सहायकाचे काम पत्करतात, हा नियम दोन्ही भाषांत सारखाच दिसतो.

भेद आहे तो सत्तेच्या विस्ताराचा. मराठीत सहायक शब्द मागील क्रियापदाचा प्रत्यय ठरवितो, आणि त्याचबरोबर कर्त्याची विभक्तीही ठरवितो. ‘तो जाऊ शकतो’, ‘त्याला जाता येते’, ‘त्याला जावे लागते’, ‘त्याने गेले पाहिजे’, ‘त्याने जाऊ नये’ या पाच वाक्यांत जाण्याची रूपे चार आहेत आणि कर्त्याची तीन. इंग्रजीत या पाचही ठिकाणी ‘ही’ आणि ‘गो’ अचल राहतात. बदलतो तो केवळ मधला शब्द. ‘मला जावे लागते’ यातील ‘मला’ मनात ठेवून इंग्रजी वाक्य रचू लागणारा विद्यार्थी म्हणूनच प्रारंभी अडखळतो.

येथे वऱ्हाडी बोली एक लक्षणीय रूप पुढे करते. प्रमाण मराठीतील ‘मला जावे लागते’ हे वऱ्हाडीत ‘मले जा लागते’ असे होते. प्रथमदर्शनी यात इंग्रजीप्रमाणेच मूळ धातू आल्याचा भास होतो. परंतु ‘करणे’ या धातूचे रूप ‘कर लागते’ असे न होता ‘करा लागते’ असे होते. यावरून ‘जा’ हा निव्वळ धातू नसून ‘आवे’ या प्रत्ययाचा झिजलेला अवशेष त्यात सामावला आहे, असे दिसते. वऱ्हाडी रूप अशुद्ध नाही. तेही नियमबद्धच आहे. शिक्षकाने ते खोडून काढण्याऐवजी ‘जा लागते’, ‘जावे लागते’ आणि ‘हॅव टु गो’ अशी तीन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली, तर मुलाला आपल्या बोलीतूनच नियम उमजेल.

आता शब्दयोगी अव्ययांचा प्रश्न. इंग्रजीतील पुष्कळ क्रियापदे विशिष्ट अव्यय सोबत घेतात : ‘वेट फॉर’, ‘लुक इंटु’, ‘डिपेंड ऑन’. हे अव्यय मुख्य क्रियापद निवडते. सहायक शब्दाचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. ‘मस्ट’ असो वा ‘कॅन’, ‘वेट’पुढे ‘फॉर’च येईल. साखळीतील प्रत्येक दुवा केवळ पुढच्या दुव्यावर सत्ता चालवितो. ‘शुड हॅव बीन लुक्ट इंटु’ ही रचना पाहावी. ‘शुड’मुळे ‘हॅव’ मूळ रूपात राहिले. ‘हॅव’मुळे ‘बीन’ हे धातुसाधित आले. ‘बीन’मुळे ‘लुक्ट’ आले. आणि ‘लुक’ने ‘इंटु’ मागितले. मराठीत एवढा आशय ‘त्याची चौकशी व्हायला हवी होती’ इतक्यात मावतो.

मराठी प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय नामाला चिकटते व नामाबरोबर हलते. इंग्रजी अव्यय मात्र नाम पुढे सरकले तरी क्रियापदाजवळ राहू शकते. ‘या विहिरीवर भरवसा ठेवता येत नाही’ यात ‘वर’ विहिरीला धरून आहे. ‘द वेल कॅनॉट बी डिपेंडेड ऑन’ यात ‘ऑन’ शेवटी एकटेच उभे आहे. मराठी विद्यार्थी ते हटकून गाळतो, कारण ज्याला चिकटावे असे नाम त्याला तेथे दिसत नाही.

सर्वांत गंभीर घोटाळा नकाराचा होय. ‘तुला जावे लागत नाही’ याचे शब्दशः इंग्रजी करताना ‘यू मस्ट नॉट गो’ असे लिहिले जाते. त्याचा अर्थ मात्र ‘तू जाऊ नयेस’ असा होतो. सवलतीची मनाई झाली. योग्य रचना ‘यू नीड नॉट गो’ ही होय. उलट दिशेचा प्रमाद अधिक घातक आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरील ‘मस्ट नॉट बी मिक्स्ड विथ’ ही सूचना ‘मिसळण्याची गरज नाही’ अशी वाचली गेली, तर मनाई केवळ सल्ला ठरते. कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात अशी सूचना वाचून दाखविण्याचे काम पुष्कळदा शाळकरी मुलावर येते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

भूतकाळातही अशीच सावधगिरी हवी. ‘मस्ट’ला प्रमाण इंग्रजीत स्वतंत्र भूतकाळी रूप नाही. म्हणून ‘मला जावे लागले’ याला ‘आय हॅड टु गो’ म्हणावे लागते. ‘ही मस्ट हॅव गॉन’ म्हणजे ‘तो गेला असला पाहिजे’ हे अनुमान. आणि ‘ही शुड हॅव गॉन’ म्हणजे ‘त्याने जायला हवे होते’ हा राहून गेलेल्या कर्तव्याचा बोल. साक्षीत वा तक्रारअर्जात या दोहोंची अदलाबदल झाल्यास अंदाजाचा आरोप होईल.

तात्पर्य, इंग्रजी सहायकांचे अर्थ पाठ करून हा विषय हाती लागत नाही. कोणता शब्द कोणावर सत्ता चालवितो व ती सत्ता कोठे संपते, हे पाहणे अगत्याचे आहे. मराठीत ती कर्त्यापर्यंत पोहोचते. इंग्रजीत लगतच्या क्रियापदापाशी थांबते. हा एक भेद मनात ठसला, म्हणजे ‘टु’ कोठे गाळावा, ‘ऑन’ कोठे राखावे आणि ‘नॉट’ कशाला लागले आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःच ठरविता येईल. आणि त्यासाठी घरची बोली विसरण्याची त्याला मुळीच आवश्यकता नाही.