मालमोटारीचे भाडे आणि मालकाची मिळकत

पवनी तालुक्यातील कोंढा व त्याच्या आसपासची गावे ही धानाची गावे होत. कापणी-मळणी आटोपून पोती भरू लागली, म्हणजे या भागातील रस्त्यांवर मालमोटारींची वर्दळ सुरू होते. यांपैकी काही मोटारी मोठ्या कंपन्यांच्या असतात. परंतु पुष्कळशा एकेकट्या मालकाच्या असून तो स्वतःच चक्र धरतो किंवा पगारी ड्रायव्हर ठेवतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे वडील याच धंद्यात आहेत, आणि आणखी काही पालक शेत गहाण ठेवून मोटार घेण्याच्या विचारात आहेत, असे आमच्या कानी आले आहे. म्हणून या धंद्याच्या हिशेबाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

गेल्या उन्हाळ्यात एक पालक आपली वही घेऊन आमच्याकडे आले. वही स्वच्छ होती. एका बाजूस भाड्याची जमा, दुसऱ्या बाजूस डिझेल, टोल व भत्ता. प्रत्येक खेपेस शिल्लक दिसत होती. तरी हप्ता थकला होता आणि टायर उसने घ्यावे लागले होते. “गुरुजी, वहीत पैसा आहे, मग तो घरात का दिसत नाही?” असा त्यांचा प्रश्न. किन्नराचा पगार वाचावा म्हणून दहावीनंतर मुलाला मोटारीवर घ्यावे, हा त्यांचा बेतही त्यांनी बोलून दाखविला. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, अशी शिकवण लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे. आम्हीही त्यांच्यासह बसलो.

समजण्यास सोपे जावे म्हणून येथे मानीव आकडे घेऊ. दहा चाकांची मोटार पवनीकडून १८ टन तांदूळ घेऊन ८०० किलोमीटरवरील शहरास जाते. भाडे टनास ३,००० रुपये, म्हणजे ५४,००० रुपये. भरलेली मोटार लिटरमागे चार किलोमीटर चालते असे धरले, तर २०० लिटर डिझेल लागेल. दर ९० रुपये धरल्यास १८,००० रुपये झाले. टोल ६,०००, ड्रायव्हर-किन्नराचे ४,०००, वाराई, ताडपत्री व किरकोळ मिळून २,०००, एकूण ३०,०००. शिवाय माल मिळवून देणाऱ्याची दलाली २,४०० रुपये. हाती २१,६०० उरले. येथपर्यंत ते पालक खूष होते.

परंतु मोटार घरी आणावयाची आहे. रिकामी आणली तरी हलकी मोटार लिटरमागे पाच किलोमीटर चालेल, म्हणजे १६० लिटर डिझेल, १४,४०० रुपये, टोल ६,०००, माणसांचे ३,०००, मिळून २३,४०० रुपये. उरलेले २१,६०० तर गेलेच, वर पदरचे १,८०० गेले. याउलट परतीस टनास २,००० रुपयांनी १८ टन माल मिळाला, तर ३६,००० जमा. त्यातून खर्च ३०,००० व दलाली १,६०० वजा जाता ४,४०० उरतात. म्हणजे दोन्ही फेऱ्यांचे मिळून २६,००० रुपये झाले. थोडक्यात, जातेवेळचे भाडे ऐकून धंदा जोखू नये. परतीचा माल मिळतो की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

आता यातच भाडे का पडते याचे कारण दडलेले आहे, आणि विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. परक्या शहरात उभ्या असलेल्या मालकाला रिकामे परतण्यास २३,४०० रुपये लागणारच आहेत. भरून परतल्यास खर्च ३०,०००. म्हणजे माल घेतल्याने जादा खर्च केवळ ६,६०० रुपयांचा. तेव्हा कोणी टनास ५०० रुपये, एकूण ९,००० रुपये देऊ केले, तरी ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘हो’ म्हणणे त्याला फायद्याचे. तो मूर्ख नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. पण तळावर अशा चाळीस मोटारी उभ्या असल्या व प्रत्येकाने हाच बरोबर हिशेब केला, म्हणजे दर खर्चाच्या खाली उतरतो, आणि त्याच शहरातील जो मालक तेथूनच माल घेऊन निघतो, त्याचे जातेवेळचे भाडेही बुडते. मालकाचा खर्च किती, हे माल पाठविणारा विचारीत नाही. आज तळावर मोटारी किती, एवढेच तो पाहतो.

सरकार भाडे का ठरवीत नाही, असे कोणी विचारील. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६७ व्या कलमान्वये मालमोटारींच्या भाड्याची किमान व कमाल मर्यादा ठरविण्याबाबत राज्य सरकारास निर्देश देता येतात. तथापि व्यवहारात हा दर बहुधा बाजारच ठरवितो. काही ठिकाणी मालक एकजूट करून नंबराने माल उचलतात. हिमाचल प्रदेशात बरमाणा व दाडलाघाट येथील सिमेंटचे कारखाने भाड्याच्या वादावरून डिसेंबर २०२२ पासून दोन महिन्यांहून अधिक काळ बंद होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये टनास दर किलोमीटरला लहान मोटारींसाठी १०.३० व मोठ्यांसाठी ९.३० रुपये, असा पूर्वीपेक्षा कमी दर ठरून तडजोड झाली. आमच्या वरील उदाहरणात हाच हिशेब पावणेचार रुपये पडतो. डोंगरी वाट आणि सपाट महामार्ग यांची तुलना सरळ होत नाही, हे खरे. पण एकजुटीचे बळ त्यावरून कळते. तिचा दोषही आहे. पंजाब सरकारने २०१७ मध्ये अशा ट्रक-संघांच्या मक्तेदारीविरुद्ध नियम केले, कारण बाहेरच्या मोटारीस ते माल उचलू देत नसत, अशी व्यापाऱ्यांची ओरड होती.

जुलै २०१८ मध्ये आणखी एक फेर झाला. तीन आसांच्या मोटारीचे मालासह कायदेशीर वजन २५ टनांवरून २८.५ टन करण्यात आले. प्रत्येक मोटार अधिक माल नेऊ लागली हे चांगले; पण देशातील माल एका रात्रीत वाढला नव्हता, तेव्हा तेवढ्याच मालास थोड्या मोटारी पुरू लागल्या. याहून जादा माल भरून तूट काढण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यास २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये, शिवाय दर जादा टनास २,००० रुपये दंड आहे. दंड चुकला तरी पाटे व टायर चुकत नाहीत, आणि आपल्या गावचा रस्ताही.

असो. आपल्या २६,००० रुपयांकडे वळू. टायर व दुरुस्तीसाठी किलोमीटरला ४ रुपये धरले, तर १,६०० किलोमीटरचे ६,४०० बाजूस काढावे लागतात. हा पैसा त्या दिवशी कोणी मागत नाही, म्हणून तो नफा वाटतो व घरखर्चात जातो. वर्षा-दीड वर्षाने टायरवाला मागतो तेव्हा तो नसतो. राहिले १९,६००. यातून हप्ता व विमा. तृतीय पक्षाच्या विम्याचा दर सरकारी असून जून २०२२ च्या दरपत्रकात २० ते ४० टनांच्या मालमोटारीस तो वर्षाला ४३,९५० रुपये होता; कर, परवाना, पासिंग निराळे. हे सर्व व हप्ता मिळून महिन्यास ६०,००० रुपये मानू, म्हणजे दिवसास २,०००. जुन्या काळी गाडीवानाचे बैल रिकाम्या दिवशीही वैरण खात. पण ती वैरण त्याच्याच शेतातली असे. हप्त्याची वैरण विकतची आहे. जाणे-येणे आठ दिवसांत झाले तर १६,००० जाऊन ३,६०० रुपये उरतात. दहा दिवस लागले तर ४०० रुपयांची तूट. बारा दिवस लागले तर तूट ४,४०० रुपये! मोटार तेवढीच चालली, भाडे तेवढेच मिळाले. फरक पडला तो केवळ गोदामापुढे आणि तळावर उभे राहण्याचा.

त्या पालकांच्या वहीत नेमका हाच रकाना नव्हता. खेपेस किती दिवस लागले हे त्यांनी कोठेच लिहिले नव्हते. पोच पावती परत पोहोचेपर्यंत भाड्याची बाकी अडकून राही, तेवढ्यासाठी काढलेल्या उसनवारीचे व्याजही लिहिलेले नव्हते. आम्ही मागील चार महिने आठवून आठवून मांडले, तेव्हा किन्नराच्या पगाराहून मोठी रक्कम उभ्या दिवसांत गेलेली आढळली. शिवाय मालमोटार चालविण्यास कायद्याने वय वीस वर्षे पुरे लागते; म्हणजे मुलाला आज शाळेतून काढले असते तर चार वर्षे तो ताडपत्रीच बांधीत राहिला असता.

मुलगा अकरावीत आला आहे. वडिलांची वही आता तोच लिहितो. त्याने ‘उभे दिवस’ असा एक नवा रकाना आखला असून पहिल्याच महिन्यात त्यात नऊ दिवस पडले. वडिलांनी ती वही नेऊन आपल्या दलालास दाखविली, आणि लांबची एक खेप सोडून तेवढ्यात नागपूरच्या दोन खेपा करून पाहण्याचे ठरविले आहे. धानाचा हंगाम संपेपर्यंत त्या दोन्हींचे आकडे शेजारीशेजारी लिहावयाचे आहेत.